एका व्हिडिओ-मांडणीचे भाडे: ब्लॉकचेनवर प्रदर्शन-परवाने देण्याचा मुंबईतला एक प्रयोग

पार्श्वभूमी

गिरगावात राहणारी, शिवडीत एका जुन्या गोदामाच्या पोटमाळ्यावर स्टुडिओ असलेली एक दृश्यकलाकार. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांवर तिने चार पडद्यांची एक व्हिडिओ-मांडणी केली आहे. लांबी २२ मिनिटे, आवाज सहा स्पीकरांतून, पाच एडिशन (विक्रीच्या क्रमांकित प्रती) आणि दोन आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःकडे ठेवायच्या प्रती). ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. निर्णयांचा क्रम आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पाचपैकी तीन एडिशन २०१९ ते २०२२ या काळात कुलाब्यातल्या एका गॅलरीमार्फत विकल्या गेल्या. विक्रीत गॅलरीचा वाटा निम्मा. पुढे हे काम सात ठिकाणी दाखवले गेले, आणि सातही वेळा कलाकाराच्या हाती मानधन म्हणून काही आले नाही. दोन ठिकाणी प्रवासखर्च मिळाला, एका ठिकाणी कॅटलॉगच्या पाच प्रती. प्रोजेक्टरवाल्याचे भाडे, सुताराचे बिल, विम्याचा हप्ता आणि उद्घाटनाचे सामोसे यांचे पैसे मात्र प्रत्येक ठिकाणी वेळच्या वेळी चुकते झाले.

अडचण

चित्र विकले की ते मालकाच्या भिंतीवर जाते आणि चित्रकाराचे काम संपते. व्हिडिओ-मांडणीचे तसे नसते. ती दर वेळी नव्याने उभी करावी लागते, आणि खोलीची लांबी, पडद्यांमधले अंतर, आवाजाची पातळी हे सगळे विचारायला फोन कलाकारालाच येतात. एका प्रदर्शनामागे तिचे तीन-चार दिवस सहज जात.

हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली सेठ सिगेलाब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी कलाकारांसाठी एक नमुना-करार तयार केला होता. पुनर्विक्रीत किंमत वाढली तर वाढीचा १५ टक्के वाटा, आणि मालकाला प्रदर्शनाचे भाडे मिळाले तर त्यातला निम्मा वाटा कलाकाराला द्यावा, असे त्यात होते. करार चांगला होता, पण तो अमलात येण्यासाठी प्रत्येक नव्या मालकाने सही करावी लागे, आणि तिथेच गाडी अडे. कॅनडाने हा हक्क थेट कायद्यात आणला. ७ जून १९८८ नंतर घडलेली कलाकृती विक्री किंवा भाड्याशिवाय दुसऱ्या हेतूने जाहीरपणे मांडायची असेल, तर तिथे कलाकाराची परवानगी लागते.

आपल्याकडे प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५३अ मध्ये पुनर्विक्रीचा वाटा आहे. तो चित्र, शिल्प, रेखाटन आणि मूळ हस्तलिखितापुरता, विक्रीची रक्कम १०,००० रुपयांच्या वर असेल तर, आणि १० टक्क्यांच्या मर्यादेत. व्हिडिओ त्यात बसत नाही. शिवाय या कलाकाराचा प्रश्न पुनर्विक्रीचा नव्हताच. तिला ‘दाखवण्याचे’ पैसे हवे होते. त्यासाठी कलम १४(ड) उपयोगी पडते. कायद्याच्या भाषेत व्हिडिओ हा ‘चलचित्रपट’, आणि तो लोकांसमोर आणण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा. प्रत विकली म्हणून तो हक्क विकला जात नाही, कारण हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. भिंतीवर टांगलेल्या चित्राबाबत इथे वाद घालायला जागा आहे, व्हिडिओबाबत खूपच कमी.

म्हणजे हक्क होता. वसुलीची सवय नव्हती.

समोर असलेले मार्ग

२०२३ च्या पावसाळ्यात कलाकार, गॅलरीची व्यवस्थापक, फोर्टमधल्या एक वकीलबाई आणि ठाण्याचा एक प्रोग्रॅमर असे चौघे बसले. चार मार्ग टेबलावर होते.

पहिला साधा होता: छापील परवाना, गॅलरीने बिल करायचे, बँकेत पैसे. गॅलरी याला नाखूश होती. संस्थांशी तिचे संबंध होते आणि ‘आजवर फुकट दिले, आता पैसे मागायचे’ हे तिला अवघड वाटत होते.

दुसरा म्हणजे उरलेल्या दोन एडिशन एनएफटी (ब्लॉकचेन या न पुसता येणाऱ्या सामायिक डिजिटल नोंदवहीवरचे मालकीचे टोकन) करून विकायच्या आणि पुनर्विक्रीवर रॉयल्टी घ्यायची. हा तासाभरात बाद झाला. ईआरसी-२९८१ हे रॉयल्टीचे मानक फक्त ‘इतकी रॉयल्टी अमुक पत्त्यावर द्यावी’ एवढे सांगते, वसूल करत नाही. देणे न देणे बाजारपेठेच्या मर्जीवर असते. त्याच ऑगस्टमध्ये ओपनसी या एनएफटींच्या बाजारपेठेने रॉयल्टीची सक्ती काढून ती ऐच्छिक करत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे वाद घालायला काही उरलेच नाही.

तिसरा: प्रत्येक प्रदर्शनासाठी मुदतबंद परवाना-टोकन. संस्थेने आपल्या वॉलेटमधून (डिजिटल पाकिटातून) यूएसडीसी या डॉलरला बांधलेल्या डिजिटल नाण्यात पैसे भरले की स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा कोड) टोकन देईल, त्याच क्षणी पैसे ठरलेल्या प्रमाणात वाटले जातील, आणि मुदत संपली की परवाना आपोआप संपेल. ईआरसी-४९०७ या टोकनांच्या मानकात ‘मालक’ आणि ‘वापरकर्ता’ अशा दोन वेगळ्या भूमिका आणि वापराची मुदत हे आधीच आखलेले होते, ती कल्पना उचलता येत होती.

चौथा मिश्र: पैसे आणि करार नेहमीच्या वाटेने, साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, फक्त नोंद.

निवड झाली तिसऱ्याची. चर्चेच्या टिपणात कारण एका ओळीत आहे: ‘पैसे मागावे लागू नयेत.’ मागण्याचा संकोच यंत्रावर ढकलावा, ही अपेक्षा त्यामागे होती. पुढची बरीचशी डोकेदुखी या एका ओळीतून निघाली.

आधी हक्कांची झाडलोट

कोड लिहिण्याआधी वकीलबाईंनी सहा आठवडे मागून घेतले. सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाचे काम याच सहा आठवड्यांत झाले.

पहिली गाठ अनुदानाची. काम घडले तेव्हा एका प्रतिष्ठानाने पैसे दिले होते, आणि त्या पत्रात ‘आमच्यासाठी तयार करण्यात येणारे’ असे शब्द होते. कलम १७ प्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चलचित्रपट केला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. अनुदान आणि काम सोपवणे यांत फरक आहे, पण तो शब्दांवर ठरतो. प्रतिष्ठानाकडून दोन परिच्छेदांचे पत्र घेतले: प्रताधिकार पहिल्यापासून कलाकाराचा, आमचा दावा नाही. यात तीन आठवडे गेले. ते पत्र न घेता परवाने साखळीवर चढवले असते, तर न पुसता येणाऱ्या वहीत कदाचित दुसऱ्याच्या मालाची विक्री नोंदली गेली असती.

दुसरी गाठ आवाजाची. ध्वनिरचनाकाराला सुरुवातीला ठोक रक्कम दिली होती, लेखी काही नव्हते. त्याला दर प्रदर्शनामागे १० टक्के ठरले. व्हिडिओत चाळीस सेकंद एक खानावळवाल्या आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतात. ओव्या परंपरेतल्या, त्यांच्यावर कोणाचा प्रताधिकार नाही. पण म्हणणारीचा कलावंत म्हणून हक्क कलम ३८ खाली स्वतंत्र आहे. आजींचे संमतीपत्र मराठीत केले, वाचून दाखवले, आणि प्रत्येक प्रदर्शनामागे १,००० रुपये कलाकाराने आपल्या वाट्यातून द्यायचे ठरले.

तिसरी गाठ जुन्या मालकांची. तिघांना पुरवणी करार पाठवला: तुमची प्रत प्रदर्शनाला गेली तर भाड्यातले १५ टक्के तुमचे, पण परवाना कलाकाराकडूनच निघेल. दोघांनी सही केली. तिसऱ्यांनी ‘मी घेतली तेव्हा अशी अट नव्हती’ असे कळवले. पेच असा की त्यांची एडिशन साखळीवरच्या यादीत दाखवायची की नाही. एडिशन आहे हे खरे आणि पुरवणी नाही हेही खरे, म्हणून तिसऱ्या क्रमांकापुढे ‘पुरवणी करार नाही’ असेच लिहिले. लपवाछपवी टाळली, ते पुढे कामाला आले.

वाटे शेवटी असे ठरले. कलाकाराची प्रदर्शन-प्रत वापरली तर कलाकार ७०, गॅलरी १५, ध्वनी १०, देखभाल-निधी ५. मालकाची प्रत वापरली तर कलाकाराच्या ७० मधले १५ मालकाला.

दरही तीनच ठेवले. विनातिकीट छोटी जागा किंवा कॉलेज, चार आठवड्यांपर्यंत १२,००० रुपये. संग्रहालय किंवा तत्सम मोठी संस्था, तीन महिन्यांपर्यंत ४५,००० रुपये. परदेशी संस्था, तीन महिन्यांपर्यंत १,२०० युरो. मांडणीसाठी कलाकाराला बोलावले तर तो खर्च वेगळा. हे दोन एकाच बिलात घातले की घासाघीस सुरू होते आणि पहिला बळी परवान्याचाच जातो.

पहिला आराखडा कुठे अडकला

कॉन्ट्रॅक्ट पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर चढवले, कारण एका नोंदीचा खर्च दहा रुपयांच्या आत राहत होता. कोड शून्यापासून न लिहिता ओपनझेपलिनच्या तपासलेल्या लायब्ररीवर बेतला. टोकन ईआरसी-७२१ जातीचे, म्हणजे प्रत्येक वेगळे, पण हस्तांतर बंद केलेले. परवाना एका संस्थेला दिलेला असतो, तिने तो पुढे विकायचा प्रश्न येत नाही. प्रत्येक टोकनात एडिशन क्रमांक, जागेचे नाव, सुरुवात, शेवट, दराची श्रेणी आणि कराराचा हॅश (फाइलवरून गणिताने काढलेला ठसा, फाइल जराही बदलली तर तोही बदलतो). रक्कम मुद्दाम लिहिली नाही.

पहिली चौकशी दक्षिण मुंबईतल्या एका खासगी संस्थेची होती, ४५,००० च्या श्रेणीतली. क्युरेटरला कल्पना आवडली. मग लेखा विभागातून फोन आला: “मॅडम, आम्हाला तुमचं बिल, पॅन आणि कॅन्सल्ड चेक पाठवा. व्हेंडर कोड काढल्याशिवाय पेमेंट निघत नाही. वॉलेट-बिलेट आमच्या सिस्टिममध्ये नाही.”

यात संस्थेचे काही चुकले नव्हते. तिला आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९४जे खाली रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापून भरायचा होता, ऑडिटरला कागद दाखवायचे होते. यूएसडीसी विकत घेऊन पाठवायचे तर ती आभासी डिजिटल मालमत्ता, आणि १ जुलै २०२२ पासून तिच्या हस्तांतरावर कलम १९४एस चा १ टक्का टीडीएस. कलाकाराच्या बाजूने पाहिले तरी फायदा दिसेना. मिळालेली रक्कम व्यावसायिक उत्पन्न म्हणून करपात्र. नंतर रुपये करताना किंमत वाढलेली असेल तर त्या वाढीवर कलम ११५बीबीएच चा ३० टक्के कर, आणि घटलेली असेल तर तो तोटा कशातूनच वजा करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा डॉलरला बांधलेले यूएसडीसी काही काळ ९० सेंटच्याही खाली गेले होते. त्यामुळे ‘स्थिर’ या शब्दावर विसंबून तोट्याचा मुद्दा उडवून लावता येत नव्हता. परदेशी पैसे वॉलेटमध्ये आले तर परकीय चलन आल्याचा दाखला बँक देणार नाही, ही आणखी एक अडचण.

आठवडाभरात पैशाचा भाग कॉन्ट्रॅक्टमधून काढला. वाटपाचा कोड, ज्यावर प्रोग्रॅमरचे सर्वाधिक तास गेले होते, तो पडून राहिला.

दुसरा भाग पडद्यावरच्या कुलपाचा. रास्पबेरी पाय नावाचे चार छोटे संगणक विकत घेतले, त्यांवर प्लेअर बसवला. तो रोज सकाळी साखळीवर परवान्याची मुदत पाही. चालू असेल तर व्हिडिओ चाले, नसेल तर पडदा काळा. कागदावर हे फार देखणे दिसत होते. प्रत्यक्षात संस्थेच्या वायफायला दर चोवीस तासांनी ब्राउझरमधून लॉगिन लागत होते. ते प्लेअरला जमेना, म्हणून मोबाइल डोंगल लावावा लागला. आणि शेवटच्या रविवारी, प्रदर्शनाचा सर्वांत गर्दीचा दिवस, अकरा वाजता दार उघडले तेव्हा चारही पडदे काळे.

कारण क्षुल्लक होते. मुदतीचा शेवट म्हणून समारोपाची तारीख भरली होती आणि वेळ भरली नव्हती, म्हणून कॉन्ट्रॅक्टने शून्य वाजून शून्य मिनिटे धरली. तीही जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. परवाना शेवटच्या दिवसाच्या पहाटेच संपला होता. मुदत वाढवायला दोन सह्या हव्या होत्या, आणि दुसरी सही ज्यांच्याकडे त्या वकीलबाई कोकणात, नेटवर्कच्या बाहेर. पडदे उजळायला दुपारचे तीन वाजले.

त्यानंतर दोन नियम झाले. शेवटची वेळ नेहमी समारोपाच्या सात दिवसांनंतरची रात्री ११:५९, भारतीय वेळेने. म्हणजे मांडणी उतरवायलाही सवड राहते. आणि दालनातले कुलूप कायमचे बंद. संस्थेने पैसे बुडवले असते तरी काळा पडदा प्रेक्षकाला कलाकाराचाच दोष वाटतो. कुलूप हवे तर ते फाइल पाठवण्याच्या टप्प्यावर हवे.

दुसरा आराखडा

आता चालते ती पद्धत अशी. चौकशी आली की गॅलरी एक पानी अर्ज पाठवते: जागेचा पत्ता, तारखा, तिकीट आहे का, कोणती एडिशन, आधी-नंतर इतरत्र नेणार का. त्यावरून परवान्याचा करार बनतो. मुदत आणि प्रदेश त्यात लिहावेच लागतात, कारण कलम १९ आणि ३०अ मिळून असे सांगतात की मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत असे धरले जाईल. चार आठवड्यांच्या कॉलेज-प्रदर्शनासाठी एक ओळ विसरली तर पाच वर्षांचा परवाना देऊन बसाल.

सही आधार ई-साइनने होते. वॉलेटची सही गणिताने पक्की असली तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्य केलेल्या इलेक्ट्रॉनिक सहीत ती मोडत नाही. परदेशी संस्थेशी कागदावर शाईने सही होऊन स्कॅन केला जातो.

सह्या पूर्ण झाल्यावर पीडीएफचा एसएचए-२५६ हॅश काढतात. ‘झाल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्या परवान्यात हॅश आधी काढला, मग ई-साइन केले. ई-साइनने फाइल बदलली, हॅश जुळेना, आणि साखळीवर खोडरबर नसल्याने ‘दुरुस्ती’ म्हणून दुसरी नोंद करावी लागली. मूळ पीडीएफ आयपीएफएस या फाइल साठवण्याच्या खुल्या जाळ्यावर ठेवण्याचा विचारही होता. तिथे ठेवलेले कोणालाही वाचता येते, आणि करारात पॅन, पत्ता, बँक खाते सगळे असते. हे चढवण्याच्या आदल्या दिवशी लक्षात आले. आता साखळीवर फक्त हॅश जातो, आणि पीडीएफच्या शेवटी अक्षर-अंकांची एक लांब यादृच्छिक ओळ टाकलेली असते, म्हणजे ठरावीक नमुन्यातले आकडे बदलून बदलून कोणी अंदाज बांधू शकत नाही.

पैसे बँकेत जमा झाले की गॅलरी, कलाकार आणि वकील अशा तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सह्यांनी टोकन निघते. टोकन निघाल्यावरच प्रदर्शन-फाइलचा दुवा जातो. मास्टर, म्हणजे मूळ फाइल, चारही पडद्यांचे मिळून सुमारे १२० जीबी, ते स्टुडिओबाहेर जात नाही. संस्थेला जाते ती १३ जीबीची प्रत, पडद्याच्या कोपऱ्यात न दिसेल अशी खूण घातलेली. सोबत नऊ पानांची मांडणी-पुस्तिका. ही पुस्तिका दर वेळी थोडी नवी असते, आणि खरे सांगायचे तर संस्थेला परवान्याची गरज भासते ती बरीचशी तिच्यामुळे. प्रत मालकाकडून मिळेलही. पण पडदे कुठल्या कोनात, स्पीकर किती फुटांवर, हे पुस्तिकेशिवाय कळत नाही.

वाटप आता माणूस करतो. कलाकार पूर्ण रकमेचे बिल करते आणि इतरांचे वाटे त्यांची बिले घेऊन चुकते करते. पहिल्या वेळी बिले घेतली नव्हती. संस्थेने ४५,००० वर ४,५०० टीडीएस कापला, आयकर खात्याच्या २६एएस या तपशीलपत्रात ४५,००० तिच्याच नावावर दिसले, आणि इतरांना दिलेले ३० टक्के खर्च म्हणून दाखवायला कागद नव्हता. ते मागाहून गोळा केले.

विनापरवाना दाखवलेली प्रत

चौथ्या परवान्यानंतर दिल्लीतल्या एका दालनात हे काम चालू असल्याचे इन्स्टाग्रामवर दिसले. प्रत तिसऱ्या मालकाची. साखळीने काहीही रोखले नव्हते, रोखणे तिला शक्यही नव्हते.

इथे दोन मते पडली. वकील-नोटीस पाठवावी असे गॅलरीला वाटले. स्वतः मागायला संकोचणारी गॅलरी नोटिशीला मात्र पटकन तयार झाली, हे नोंदवण्यासारखे आहे. कलाकाराने साधा ईमेल पाठवला: कलम १४(ड) चा एका वाक्यात उल्लेख, नेहमीचा १२,००० चा दर, अर्ज जोडलेला, आणि नोंदवहीचा दुवा. दालनाने परत विचारले ते एवढेच, की बाकीचे देतात का. दुव्यावर चार संस्थांची नावे, तारखा आणि श्रेणी होत्या, आणि तिसऱ्या एडिशनपुढे ‘पुरवणी करार नाही’ हेही. अकरा दिवसांत पैसे आले, पुस्तिका मागवली गेली, दोन स्पीकर हलवले गेले.

उघड नोंदवहीचा सर्वांत मोठा उपयोग इथे दिसला. एकट्या कलाकाराने पैसे मागितले की ती मागणी असते. आधीच्या चौघांनी दिलेले दिसले की ती वहिवाट होते. हे काम एखाद्या वेबपानावरच्या यादीनेही काही प्रमाणात झाले असते. फरक इतका, की यादी कलाकाराने कधीही बदलली असती, आणि ही वही तिला एकटीला बदलता येत नाही हे समोरच्याला ठाऊक होते.

या काळात नकारही एक दिला गेला. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या परळमधल्या एका टॉवरच्या विक्री-कार्यालयाला लॉबीत हे काम तीन महिने हवे होते, ६०,००० देऊन. खानावळवाल्या बायका त्या लॉबीत नकोत, असे कलाकाराने कळवले. कलम ५७ चे नैतिक हक्क इथे पुरेसे पडले नसते: काम नीट दाखवले नाही, एवढ्यावरून त्या हक्कांचा भंग होत नाही असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. परवाना देणे आपल्या हाती असेल तरच ‘नाही’ म्हणता येते.

हिशेब

अठरा महिन्यांत पाच परवाने: मुंबई ४५,०००, पुणे १२,०००, जर्मनी १,२०० युरो म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १,०८,०००, बंगळूर ४५,०००, दिल्ली १२,०००. एकूण २,२२,०००. पुणे आणि बंगळूर इथे मालकांच्या प्रती गेल्या. ठरलेल्या प्रमाणात कलाकाराचे १,४६,८५०, गॅलरीचे ३३,३००, ध्वनीचे २२,२००, देखभाल-निधीचे ११,१०० आणि दोन मालकांचे मिळून ८,५५०. आजींचे ५,००० कलाकाराच्या वाट्यातून वजा करता तिच्याकडे १,४१,८५० उरले, करापूर्वी.

उभारणीचा खर्च १,६०,००० होता: प्रोग्रॅमर ८५,०००, वकील ६०,०००, प्लेअर आणि डोंगल १५,०००. म्हणजे दीड वर्षांनंतरही ती १८,१५० रुपयांनी मागेच आहे. यापुढचा वार्षिक खर्च ६,००० च्या आसपास असल्याने तिसऱ्या वर्षापासून हातात काही पडेल. आता तिचीच दुसरी दोन कामे त्याच कॉन्ट्रॅक्टवर घेतली आहेत, त्यांना उभारणीचा खर्च जवळपास नाही.

जर्मनीचे १,२०० युरो पूर्ण आले नाहीत. तिथला रॉयल्टीवरचा उद्गम कर १५ टक्के, त्यावर साडेपाच टक्के अधिभार, मिळून १५.८२५ टक्के, १८९.९० युरो कापले गेले. भारत-जर्मनी करारात दर १० टक्के आहे, पण त्यासाठीचे कागद वेळेत तयार नव्हते. इथल्या करात त्याचे श्रेय मिळते ते १० टक्क्यांपुरतेच, वरचे ६९.९० युरो तिकडच्या कर कार्यालयाकडून परत मागायचे. इतक्या रकमेसाठी कोण मागणार? आता परदेशी चौकशी आली की त्याच दिवशी कर-निवासी असल्याच्या दाखल्याचा अर्ज होतो.

वेगळे काय करता आले असते

कोड लिहिण्याआधी एका संस्थेच्या लेखा विभागाशी पंधरा मिनिटे बोलले असते, तर वाटपाचा कोड आणि कुलूप मिळून निदान ५०,००० वाचले असते. क्युरेटरशी बोलणे झाले होते. पण चेक काढतो तो क्युरेटर नव्हे.

चौथ्या मार्गाने सुरुवात केली असती, तर वकिलाचे सहा आठवडे आणि साधी नोंद एवढ्यावर भागले असते. मग ब्लॉकचेन हवीच होती का? पाच परवान्यांसाठी काटेकोर पाहिले तर नाही. दिल्लीचा प्रसंग आणि जर्मन संस्थेच्या रजिस्ट्रारने कोणालाही न विचारता एका दिवसात एडिशनचा इतिहास तपासला, हे दोनच ठिकाणचे ठोस फायदे. एडिशन जास्त, मालक विखुरलेले आणि प्रदर्शने परगावी असतील तर वजन वाढते. एकच गॅलरी सगळे सांभाळत असेल तर छापील परवाना आणि पक्के बिलबुक पुरे.

देखभाल-निधी ५ टक्के फार कमी ठरला. दीड वर्षात त्यातले ९,००० सेवांच्या शुल्कात गेले, २,१०० उरले, आणि नेमकी तेव्हा मास्टरची एक हार्ड डिस्क बसली. दोन नव्या डिस्कांना १८,००० लागले. दुसऱ्या दोन कामांसाठी हा वाटा १२ टक्के धरला आहे.

चाव्यांचेही राहिले होते. गॅलरीच्या व्यवस्थापकबाई नोकरी सोडून गेल्या तेव्हा साखळीवर सही करण्याची त्यांची डिजिटल चावी ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये होती, आणि तो लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला गेला होता. तीनपैकी दोन सह्यांची रचना असल्याने उरलेल्या दोघींनी नवा सहीदार जोडला. एकच चावी असती तर वही तिथेच गोठली असती. चलचित्रपटावरचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, म्हणजे या परवान्यांचे आयुष्य सगळ्या सहीदारांपेक्षा मोठे आहे. तिसरी चावी आता कलाकाराच्या भाचीकडे आहे. हरवलेली चावी परत मिळवून देणाऱ्या बारा शब्दांचा कागद डोंबिवलीच्या बँकेतल्या लॉकरमध्ये, आणि सोबतच्या पाकिटात मराठीत लिहिलेल्या दोन पानी सूचना: टोकन कसे काढायचे, कोणाला किती टक्के, आणि ओव्यांचे १,००० रुपये आजींच्या पश्चात कोणाच्या खात्यावर जमा करायचे.